आभाळात पेटता गोळा दिसला तर काय करायचं: पहिल्या पाच मिनिटांपासून पुढच्या आठवड्यापर्यंत

सगळ्यात आधी हे की मोबाईल खिशातच राहू द्या. असा गोळा दिसतो तीन-चार सेकंद, लयच झालं तर आठ-दहा, आणि तेवढ्यात खिशातून फोन काढून, लॉक उघडून, कॅमेरा लावून तो सापडेपर्यंत खेळ खलास झालेला असतो आणि तुमच्याकडे ना व्हिडिओ ना आठवण. डोळ्यांनी बघा. कुठून निघाला आणि कुठे विझला, या दोन जागा पक्क्या धरा, बाकी रंग-बिंग, शेपूट-बिपूट नंतर आठवतंच.

आणि हे मी विदर्भातल्या गावाकडच्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय. शहरात कोण संध्याकाळी आभाळाकडे बघतो. आपल्याकडे वावरात जागलीला गेलेला माणूस, धुऱ्यावर बसलेला, बंडी घेऊन घरी येणारा, पारावर गप्पा हाणणारे आबाजी लोक, यांना अख्खं आभाळ उघडं असतं, लाईटचा त्रास नाही, मधे बिल्डिंग नाही. म्हणजे बघणारे आपण, पण कामाची नोंद आपल्याकडून जात नाही. "अबे काल केवढा मोठा तारा तुटला" एवढं बोलून विषय संपतो. थोडं नीट केलं तर हीच माहिती इतकी उपयोगाची असते की त्यावरून तो दगड किती उंचीवर पेटला, कुठल्या दिशेनं आला आणि जमिनीवर काही पडलं असेल तर कोणत्या तालुक्यात, इथपर्यंत हिशोब लागतो.

हे असतं काय

नेहमीची उल्का म्हणजे वाळूच्या कणाएवढा, फार तर छोट्या खड्याएवढा तुकडा, तो वातावरणात घुसतो आणि साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर चमकतो. तुकडा मोठा असला की उजेड वाढतो, आणि शुक्रापेक्षाही जास्त तेज दिसलं तर त्याला अग्निगोल म्हणायचं. वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर, हो, सेकंदाला. जमिनीपर्यंत जो दगड शिल्लक पोचतो तो अशनी.

संध्याकाळच्या गोळ्यांचं एक वेगळं आहे. पृथ्वी सूर्याभोवती ज्या दिशेनं धावते तिच्या मागच्या बाजूला आपण संध्याकाळी असतो, त्यामुळे त्या वेळी येणारे दगड पृथ्वीला मागून गाठतात आणि म्हणून हळू येतात, तर पहाटे समोरासमोर टक्कर असते, ते सटकन जातात. हळू आलेला दगड जास्त वेळ दिसतो आणि पूर्ण जळून न जाता त्यातलं काही खाली पोचायची शक्यताही जास्त राहते. त्यामुळे सांजवेळी संथ, जाडा, लांबवर जाणारा गोळा दिसला तर त्याला हलक्यात घेऊ नका.

दिसतोय तेव्हा

जिथे आहात तिथेच उभे राहा. लोकं उत्साहात चार पावलं पुढे पळतात, घरामागे जाऊन बघतात, मग नंतर "तो लिंबाच्या उजवीकडे विझला" म्हणतात पण कुठे उभे राहून उजवीकडे हे त्यांनाच सांगता येत नाही. पाय हलवायचे नाहीत. गोळा कशाच्या वरून गेला ते पकडा, लिंबाचं झाड, टॉवर, डीपीचा खांब, मंदिराचा कळस, काहीही. मनात सावकाश आकडे मोजा म्हणजे किती सेकंद चालला ते कळेल, नंतर आठवून सांगितलेले सेकंद हमखास दुप्पट-तिप्पट होतात.

गाडीवर असाल तर आधी गाडी बाजूला घ्या बाप्पा, मग बघा.

विझला की आता फोन काढा. लगेच स्टॉपवॉच चालू करा, मग वेळेचा स्क्रीनशॉट. फोनची वेळ नेटवर्कवरून येते म्हणून ती भरवशाची, भिंतीवरचं घड्याळ नाही. त्यानंतर आभाळात धुराची किंवा चमकती रेघ उरली आहे का बघा. मोठ्या गोळ्यामागे अशी रेघ काही मिनिटं राहते, आणि दिवस नुकताच मावळला असेल तर वरच्या धुरावर अजून ऊन पडत असतं त्यामुळे ती जमिनीवरून पांढरी-सोनेरी, वाकडीतिकडी होत जाणारी दिसते. तिचे फोटो घ्या, फोन कशाला तरी टेकवून, दर दहा-पंधरा सेकंदांनी एक, आणि प्रत्येक फोटोत झाड किंवा खांब किंवा घराचा कोपरा आलाच पाहिजे. नुसत्या आभाळाचा फोटो कितीही भारी आला तरी त्यातून दिशा काढता येत नाही. झूम करू नका.

आता कान

स्टॉपवॉच चालू ठेवून पाच मिनिटं गप्प उभं राहायचं. हे सगळ्यात कठीण जातं कारण आजूबाजूला सगळे ओरडत असतात. आवाज सेकंदाला सुमारे ३०० मीटरच्या थोडा वर एवढाच चालतो, म्हणजे मिनिटाला १८-२० किलोमीटर. गोळा ३०-४० किलोमीटर उंचीवर फुटला असेल तर अगदी डोक्यावर असला तरी आवाज यायला दीड-दोन मिनिटं लागणार. कोणी म्हणालं की उजेड आणि धडाम् बरोबरच झालं, तर तो आवाज बहुतेक दुसऱ्या कशाचा. दोन-तीन मिनिटांनी दूर गडगडल्यासारखा किंवा दोन-तीन धडाके आले आणि ढग नसतील, तर ती मोठी गोष्ट आहे, याचा अर्थ गोळा बराच खाली आला होता. स्टॉपवॉच तिथे थांबवा. मिनिटं गुणिले १८-२०, एवढ्या किलोमीटरवर तो तुमच्यापासून होता, तिरक्या अंतरानं.

काही लोक गोळा जातानाच सर्रर किंवा चर्रर असा बारीक आवाज ऐकू आल्याचं सांगतात. हे जगभर नोंदलेलं आहे, थट्टा करू नका, ऐकू आलं असेल तर "त्याच वेळी" असं स्पष्ट लिहा. वणी, घुग्घुस, चंद्रपूर पट्ट्यातल्या लोकांना धडाक्यांची सवयच असते, पण खाणीतलं ब्लास्टिंग दिवसा होतं, रात्री साडेसात-आठला आलेला धडाका खाणीवर ढकलून मोकळं होऊ नका.

या आवाजाच्या उशिरामुळेच एक सावधगिरी. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कला सुमारे २० मीटरचा दगड हवेत फुटला, सकाळची वेळ, लोकं उजेड बघून खिडक्यांशी आले आणि दोनेक मिनिटांनी धक्का आला, काचा फुटल्या, दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनीच. इतका मोठा क्वचितच येतो. तरी आभाळ दिवसासारखं उजळलं असेल तर काचेच्या खिडकीपासून आणि सैल टिनपत्र्याखालून बाजूला व्हा, पोरांनाही घ्या.

दिशा आणि उंची मोजायची कशी

याच्यावर मी जास्त वेळ घालवणार कारण सगळा खेळ इथे आहे. हलत्या हातानं काढलेल्या व्हिडिओपेक्षा दोन नीट मोजलेले बिंदू जास्त किमतीचे असतात, हे माझं ठाम मत.

हात सरळ पुढे ताणा, मूठ वळा. त्या मुठीची रुंदी म्हणजे साधारण १० अंश. करंगळीची रुंदी १ अंश, मधली तीन बोटं ५ अंश, पंजा पूर्ण पसरला तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत २० अंशांच्या थोडं वर. लहान पोराचा हात आखूड तशी मूठही लहान, म्हणून त्यालाही तेवढंच येतं. खात्री करायची तर क्षितिजापासून डोक्यावरपर्यंत मुठीवर मूठ ठेवत जा, नऊ बसल्या पाहिजेत. दुसरी खात्री आणखी सोपी, ध्रुवतारा. तो आपल्याकडे उत्तरेला २० ते २१ अंशांवर असतो, म्हणजे दोन मुठींपेक्षा किंचित वर, वर्षभर, रात्रभर तिथेच. कोणत्याही रात्री अंगणात उभं राहून दोन मुठी लावून बघा, ध्रुव सापडला की तुमचं मोजमाप बरोबर.

क्षितिज म्हणजे झाडांचे शेंडे नाहीत, डोंगराची धार पण नाही. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलात तर खरं क्षितिज दिसतच नाही. तिथे पारदर्शक बाटली अर्धी पाण्यानं भरून डोळ्यासमोर धरा, वर-खाली करत पाण्याचा पृष्ठभाग एकच सरळ रेघ दिसेल अशी आणा, त्या रेघेच्या सरळ पुढे जे दिसतं ती शून्य अंशाची पातळी. तिथून मुठी मोजायच्या.

एक घोळ सगळ्यांचाच होतो, उंची जास्त सांगायचा. तीन मुठींवरच्या वस्तूला लोक "निम्म्या आभाळात" म्हणतात आणि पाच मुठींवरच्याला "डोक्यावर". म्हणून अंदाज सांगू नका, मूठ लावूनच सांगा.

दिशेसाठी फोनचा कंपास चालतो पण मोटरसायकल, लोखंडी गेट, टिनाचा पत्रा, बोअरचा पाईप यांच्यापासून दहा-बारा पावलं लांब जाऊन, आणि आधी फोन हवेत आठचा आकडा काढत फिरवून घ्यायचा. आपल्या भागात चुंबकाची उत्तर आणि खरी उत्तर यात नाव घेण्यासारखा फरक नाही, म्हणून जो आकडा येईल तो तसाच लिहा. कंपास नसेल तरी अडत नाही. विझला त्या दिशेनं जमिनीवर काठी आडवी ठेवून द्या, किंवा टाचेनं रेघ ओढा, सकाळी त्या रेघेवरून नकाशात दिशा काढता येते. जागलीवरच्या माणसाकडे काठी असतेच.

आणि तारे ओळखत असाल तर सगळ्यात बेस्ट. "मृगाच्या तीन ताऱ्यांच्या खालून, व्याधाच्या उजवीकडे विझला" हे वाक्य वेळेसकट लिहिलं तर कोणत्याही कंपासपेक्षा अचूक, कारण त्या वेळी ते तारे कुठे होते हे हिशोबानं काढता येतं. स्टेलेरियमसारखं आभाळाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप टाकून त्यात तारीख-वेळ मागे नेऊन ताडून बघता येतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून पुन्हा मोजणार असाल तर लक्षात ठेवा की तारे रोज चार मिनिटं लवकर येतात, झाडं-खांब मात्र तिथेच असतात.

पलीकडच्या शिवारात पडला नाही

दर वेळी हेच ऐकू येतं, तो बघा पाटलाच्या वावरामागे पडला. नाही पडला. साधा हिशोब करा. गोळा समजा ४० किलोमीटर उंचीवर विझला. तुम्हाला तो साडेचार मुठींवर दिसला असेल तर तुमच्यापासून ४० किलोमीटर लांबच्या गावाच्या डोक्यावर होता, तीन मुठींवर दिसला तर ७० किलोमीटर, आणि एकाच मुठीवर दिसला तर जवळपास २०० किलोमीटर. म्हणजे वर्ध्याच्या माणसानं आग्नेयेला एक मूठ वर विझताना बघितला तर तो अहेरीकडच्या आभाळात होता. झाडामागे "उतरला" असं दिसलं तर त्याहून लांब, तेलंगणा-छत्तीसगड कुठेही.

म्हणूनच एका माणसाच्या बघण्यानं काही ठरत नाही. यवतमाळचा एक, भंडाऱ्याचा एक, अकोल्याचा एक, तिघांच्या दिशेच्या रेघा नकाशावर ओढल्या की जिथे कापतात ती खरी जागा. तुमच्या गावातल्या पन्नास लोकांपेक्षा शंभर किलोमीटर लांबच्या एका नातेवाईकाची साक्ष मोलाची. मामेभावाला फोन लावा, पण आधी पुढचं वाचा.

लिहून काढा, व्हॉट्सअ‍ॅप नंतर

ग्रुप उघडला की संपलं. कोणी म्हणणार हिरवा होता, कोणी म्हणणार उत्तरेला गेला, अर्ध्या तासात तुम्हालाही हिरवा आठवायला लागेल. त्यामुळे ग्रुप उघडायच्या आधी स्वतःचं लिहून टाका, लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस रेकॉर्ड करा. असं काहीतरी:

"जागा मॅपवर पिन केली. वेळ ७:४२, फोनची. ईशान्येला अडीच मुठींवर दिसायला लागला, त्याआधीचं बघितलं नाही. आग्नेयेला दीड मूठ वर विझला, टॉवरच्या डावीकडे एक मूठ. पाच सेकंद. शुक्रापेक्षा खूप जास्त, पुनवेच्या चंद्रापेक्षा कमी, सावली पडली. पिवळा, शेवटी नारंगी. शेवटी तीन तुकडे. रेघ एक मिनिट राहिली. आवाज पाच मिनिटं थांबलो, आला नाही."

बस एवढं. "त्याआधीचं बघितलं नाही" आणि "आवाज आला नाही" ही वाक्यं पण टाकायची, ती माहितीच आहे. तेजासाठी अशीच तुलना करा, व्याधाएवढा, गुरूएवढा, शुक्राएवढा, अर्ध्या चंद्राएवढा, आणि सावली पडली का नाही. रंगाला फार किंमत देऊ नका, हिरवा म्हणजे अमुक धातू वगैरे जे फिरतं ते डोळ्यांनी बघून ठरत नाही.

घरातल्या इतरांना विचारायचं तर वेगवेगळं विचारा. "हिरवा होता ना?" असं विचारायचं नाही, "रंग कोणता?" असं विचारायचं. पोट्ट्यांना विचाराच, त्यांची नजर तेज असते आणि ते अजून चर्चेत बिघडलेले नसतात. आबाजींना उठवून नेमकं त्यांच्या खाटेजवळ उभं करा, काठीनं दाखवायला सांगा, आणि त्या काठीचा कंपास तुम्ही घ्या.

उल्काच होती का

बहुतेक वेळा वेळेवरूनच निकाल लागतो. दहा सेकंदांच्या आत संपलं, तर उल्का. तीस सेकंद, मिनिट, त्याहून जास्त, आडवं आडवं, एकामागे एक तुकड्यांची रांग घेऊन संथ गेलं, तर ते रॉकेटचं किंवा सॅटेलाईटचं परत कोसळणं, कारण कक्षेतली वस्तू सेकंदाला आठेक किलोमीटरनंच येते. न लुकलुकता चार-पाच मिनिटं शांतपणे सरकणारा एक ठिपका म्हणजे अंतराळ स्थानक. मण्यांच्या माळेसारखी ठिपक्यांची सरळ ओळ म्हणजे स्टारलिंकचे, इंटरनेट देणारे, नवे सोडलेले सॅटेलाईट. नागपूरला उतरणारी विमानं समोरून येताना लाईट लावून बराच वेळ एकाच जागी थांबल्यासारखी दिसतात. दिवाळीत आणि ३१ डिसेंबरला कागदी कंदील, लग्नसराईत फटाके, फवारणीचे ड्रोन पण आता आलेत. पश्चिमेला रोज त्याच जागी दिसतोय तो शुक्र, त्याचा व्हिडिओ टाकू नका.

यातलं रॉकेटचं प्रकरण आपल्याला अगदी जवळचं आहे. २ एप्रिल २०२२ ला संध्याकाळी पावणेआठच्या आसपास विदर्भातच नाही तर गुजरात-मध्यप्रदेशापर्यंत लोकांनी आभाळातून पेटत्या रेघांची रांग जाताना बघितली. अनेकांनी उल्कावर्षाव म्हणून व्हिडिओ टाकले. आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग येऊन पडली, आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. ते चीनच्या फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चांग झेंग ३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत असं तज्ज्ञांनी सांगितलं, इस्रोची माणसंही येऊन बघून गेली.

तर असं धातूचं काही शिवारात पडलं तर हात लावायचा नाही, उचलायचं नाही, ट्रॅक्टरवर टाकून घरी आणायचं तर नाहीच. त्या गोळ्यांमध्ये दाबाखालचा गॅस असू शकतो, हायड्राझीनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. जनावरं बाजूला काढा, लोकांना लांब ठेवा, ११२ ला फोन, पोलीस पाटील आणि तहसीलला कळवा. भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका. आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी वस्तू ज्या देशानं सोडली त्याच्याच मालकीची राहते, विकून नसती लफडी मागे लागतील.

सीसीटीव्ही, हे दुसऱ्याच दिवशी

गावात कोणाच्या फोनमध्ये काही आलं नसेल, पण पेट्रोल पंप, जिनिंग, कृषी केंद्र, ग्रामपंचायत, बँकेचा दरवाजा, कोणाचा तरी कॅमेरा थोडंसं आभाळ बघत असतोच. आभाळ नसलं तरी जमिनीवर पडलेला उजेड आणि खांबाची फिरणारी सावली आली असेल, त्या सावलीवरूनही दिशा निघते. पण डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, जुनं पुसून त्यावर नवं लिहितो, कुठे आठवड्यात, कुठे पंधरा दिवसांत, म्हणून दुसऱ्याच दिवशी जा. मालकाला चहा पाजा, विनंती करा.

तिथे गेल्यावर डीव्हीआरच्या स्क्रीनवरची वेळ आणि तुमच्या फोनची वेळ दोन्ही एका फोटोत घ्या. डीव्हीआरचं घड्याळ कधीच बरोबर नसतं, पाच-सात मिनिटं मागेपुढे सहज, हा फोटो असला की फरक वजा करता येतो. फाईल पेनड्राईव्हवर मूळ स्वरूपात घ्या, स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग ही शेवटची सोय. कॅमेऱ्याची जागा मॅपवर पिन करा, आणि जमलं तर रात्री त्याच कॅमेऱ्यात तारा किंवा चंद्र कुठे दिसतो त्याची क्लिप घ्या, त्यावरून कॅमेऱ्याची दिशा पक्की करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली वेळेची माहिती निघून जाते.

कळवायचं कुठे

इंटरनॅशनल मिटिऑर ऑर्गनायझेशनच्या वेबसाईटवर अग्निगोल नोंदवायचा फॉर्म आहे, फुकट, मोबाईलवर भरता येतो. कुठे उभे होता, कुठल्या दिशेला, किती उंचीवर सुरुवात-शेवट, किती सेकंद, किती तेज, आवाज, तुकडे, वरची नोंद असेल तर दहा मिनिटांचं काम. एकाच घटनेच्या नोंदी ते लोक एकत्र करतात आणि मार्ग नकाशावर काढून दाखवतात. नासाच्या साईटवर मोठ्या अग्निगोलांची एक यादी असते, सॅटेलाईटनं टिपलेले, काही दिवसांनी तिथेही डोकावून बघा. इंग्रजीचं अडलं तर शाळेच्या मास्तरांना किंवा कॉलेजच्या पोरीला बसवा. जवळपास खगोल मंडळ असेल तर त्यांनाही कळवा, नागपूरला रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे, तिथेही विचारता येतं.

दगड शोधायचा तर

रात्री निघू नका, हे आधी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, ताडोबाच्या भागात रात्री वावरात-जंगलात हिंडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायची गरज नाही, वरून रोही-डुकरांसाठी कुठे कुठे कुंपणाच्या तारेत करंट सोडलेला असतो, कठडा नसलेल्या विहिरी असतात, साप असतात. दगड कुठे जात नाही, सकाळी शोधू. आणि दुसऱ्याच्या वावरात उभ्या पिकात शिरायच्या आधी त्याला विचारा.

पडलेला दगड धगधगत नसतो. पेटणं संपतं वरच, शेवटचे वीस-तीस किलोमीटर तो अंधारात नुसता खाली येतो, आणि आतून तर अंतराळाच्या थंडीचाच असतो. त्यामुळे कुटाराची गंजी जळाली आणि त्याच रात्री गोळा दिसला होता म्हणून त्याच्या नावावर टाकू नका. खड्डाही छोटासाच पडतो, किंवा पडतच नाही. लोणारसारखं १.८ किलोमीटरचं विवर व्हायला फार मोठा दगड आणि फार मोठा वेग लागतो.

आपल्याकडे खरोखर पडलेलं उदाहरण काटोलचं. २२ मे २०१२, भर उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास, उजेड आणि धडाके, आणि काटोल परिसरात दगडांचा वर्षाव. तीसेक तुकडे मिळाले, सगळ्यात मोठा किलोभराचा, एकूण तेरा किलोच्या आसपास. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं ते गोळा केले, आज तो काटोल अशनी म्हणून जगाच्या यादीत आहे, एल६ प्रकारचा कॉन्ड्राइट, म्हणजे दगडी अशनींतला एक प्रकार.

ताजा अशनी ओळखायचा तर बाहेरून पातळ काळी जळकी साल, मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, आणि कुठे टवका उडाला असेल तर आतून राखाडी, त्यात धातूचे बारीक चमकते कण. कडा गोलसर, कधी ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे. हातात घेतला तर आकाराच्या मानानं जड. आत बुडबुड्यांची भोकं नसतात. चुंबक बहुतेकांना ओढतं, पण इथेच आपला माणूस फसतो कारण आपल्या काळ्या पाषाणाला पण चुंबक थोडं लागतं. अर्धा विदर्भ त्याच दगडावर बसलाय. भंडारा-नागपूरकडे मँगनीजचे काळे जड दगड, गडचिरोलीत लोखंडाचा खनिज दगड, जुन्या भट्ट्यांची मळी, हे सगळं "आभाळातून पडलेलं" म्हणून घरोघरी सापडतं. मळीत भोकं असतात, काळ्या पाषाणात आत पांढरे स्फटिक असतात, आणि मँगनीजचा दगड घासला तर काळी रेघ उठते. काळी साल नाही आणि आतबाहेर एकच रंग, तर तो इथलाच दगड.

तरी शंका वाटतेच आहे, तर हात न लावता आधी जागेवरचा फोटो, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून, आणि मॅपवर पिन. मग स्वच्छ पन्नीनं किंवा अल्युमिनियम फॉईलनं उचला आणि कोरड्या डब्यात ठेवा. धुवायचा नाही, फोडायचा नाही, हळद-कुंकू-शेंदूर लावायचा नाही, स्पीकरमधलं जोरदार चुंबक लावायचं नाही, त्यानं दगडातली मूळ चुंबकीय खूण पुसली जाते. देशात अशनी सांभाळायचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे आणि त्यांचं मध्य विभागाचं ऑफिस नागपुरात सेमिनरी हिल्सलाच आहे, म्हणजे आपल्याला कलकत्त्याला जायची गरज नाही. लवकर कळवा, पावसाळ्यात तर लगेच, कारण पाण्यानं आतलं लोखंड गंजायला लागतं.

मुद्दाम बघायचं तर कधी

मोठा गोळा कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण काही दिवस बरे असतात. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वृषभ राशीतून येणाऱ्या उल्का, आकड्यानं कमी पण संथ आणि त्यात मोठे गोळे निघतात. १३-१४ डिसेंबरची रात्र मिथुनेतून येणाऱ्या उल्कांची, ही माझी सगळ्यात आवडती कारण मध्यरात्रीपर्यंत जागावं लागत नाही, आठ-नऊपासूनच सुरू होतं, आभाळ स्वच्छ असतं आणि तसंही त्या दिवसांत गहू-हरभऱ्याच्या जागलीला माणसं बाहेरच असतात. ऑगस्टमध्ये १२-१३ ला ययातीतून येणाऱ्या उल्का जगभर गाजतात, आपल्याकडे ढगांमुळे बहुतेक वाया. आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या संध्याकाळी कुठल्याच वर्षावाशी संबंध नसलेले सुटे गोळे जरा जास्त दिसतात, तेव्हा गहू निघाल्यावर रिकाम्या वावरात बाज टाकून पडायला काही हरकत नाही.

चंद्र नसलेली रात्र निवडा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा फोनची स्क्रीन बघितली की परत तेवढीच. टॉर्चला लाल पन्नी लावा. आणि जायच्या आधी एकदा ध्रुवावर दोन मुठी लावून घ्या.